न बांधलेले तुरुंग : टेक्सासमधील एका पुराणमतवादी थिंक टँकच्या कामाचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २००७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हा विधिमंडळाच्या स्वतःच्या अर्थसंकल्प मंडळाचा एक अंदाज आमदारांच्या हाती होता. कैद्यांची संख्या याच गतीने वाढत राहिली, तर २०१२ पर्यंत राज्याला तुरुंगांत आणखी सुमारे १७ हजार जागा लागतील आणि त्या उभारून चालवण्याचा खर्च सुमारे २ अब्ज डॉलरवर जाईल, असा तो अंदाज होता. राज्यपालपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे होती. कठोर शिक्षेचा आग्रह ही या पक्षाची जुनी ओळख, आणि त्या काळी फाशीची अंमलबजावणी सर्वाधिक करणारे राज्यही टेक्सासच होते. असे असूनही त्या अधिवेशनाने तुरुंग बांधण्याऐवजी व्यसनमुक्ती उपचार, देखरेख आणि अल्पमुदतीची सुधारगृहे यांवर सुमारे २४ कोटी १० लाख डॉलर खर्च करण्याचा निर्णय घेतला. गरज भासलीच तर तीन नवे तुरुंग बांधण्याची मुभा ठेवण्यात आली होती, पण तिचा वापर करण्याची वेळ आली नाही.

या निर्णयाचे श्रेय अनेकदा ‘टेक्सास पब्लिक पॉलिसी फाउंडेशन’ या संस्थेला दिले जाते. ते कितपत खरे आहे आणि राज्य पातळीवरची एक खासगी धोरणसंस्था कायद्याच्या घडणीत नेमकी कुठे उभी असते, हे तपासण्यासाठी या प्रकरणाइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

संस्था आणि तिचे स्थान

फाउंडेशनची स्थापना १९८९ मध्ये सॅन अँटोनियो येथे झाली. संस्थापक जेम्स लेनिंगर हे डॉक्टर आणि रुग्णालयीन खाटांच्या व्यवसायातून श्रीमंत झालेले उद्योजक होते, आणि पालकांना खासगी शाळेसाठी सरकारी पैसा मिळावा हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. (ती मागणी राज्यव्यापी कायद्यात उतरायला २०२५ साल उजाडावे लागले. अशा संस्थांचे कालमान निवडणुकांच्या कालमानापेक्षा किती वेगळे असते, हे यावरून ध्यानात यावे.) पुढे संस्था राजधानी ऑस्टिनमध्ये आली आणि आज तिची स्वतःची इमारत विधानभवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काँग्रेस अव्हेन्यूवर आहे. मर्यादित शासन, मुक्त बाजारपेठ, खासगी मालमत्ता आणि वैयक्तिक जबाबदारी ही तिची जाहीर तत्त्वे. कायद्याच्या दृष्टीने ती करमुक्त धर्मादाय संस्था असल्यामुळे तिला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, थेट विधेयकांसाठी रदबदली करण्यावरही मर्यादा आहे. मात्र देणगीदारांची नावे जाहीर करण्याचे बंधन तिच्यावर नाही. २०१० सालची देणगीदारांची यादी चुकून सार्वजनिक झाली, तेव्हा तेल व ऊर्जा क्षेत्रातील कंपन्यांचा आणि कोक (Koch) बंधूंच्या उद्योगसमूहाशी संबंधित निधीचा त्यात समावेश असल्याचे उघड झाले. संस्थेच्या ऊर्जाविषयक भूमिका वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अशा संस्थेला टेक्सासमध्ये एवढे वजन का प्राप्त होते, याचे उत्तर बरेचसे विधिमंडळाच्या रचनेत आहे. महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक क्षेत्रफळ असलेल्या या राज्याचे विधिमंडळ नियमितपणे दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षात, १४० दिवसांसाठी भरते. आमदाराचे वेतन महिन्याला ६०० डॉलर, त्यामुळे बहुतेक जण वकिली, विमा, शेती किंवा धंदा सांभाळून राजकारण करतात. तुटपुंज्या कर्मचाऱ्यांसह आलेल्या अशा आमदारापुढे १४० दिवसांत हजारो विधेयके येतात. त्याला विषय समजावून देणारा, आकडे मांडून देणारा आणि मतदारांपुढे आपली बाजू कशी सांगावी हेही सुचवणारा कुणीतरी हवाच असतो. ही जागा एरवी उद्योगांचे प्रतिनिधी भरून काढतात. फाउंडेशनने तीत स्वतःसाठी हक्काचा कोपरा मिळवला. अधिवेशनाच्या तोंडावर ती आमदारांसाठी धोरणविषयक परिषद भरवते, आणि कोणत्या विषयावर चर्चा रंगणार याचा पहिला अंदाज अनेकांना तिथेच येतो.

यात आणखी एक धागा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. फौजदारी न्यायाचे स्वतंत्र संशोधन करणारी राज्य शासनाची स्वतःची एक परिषद होती आणि टोनी फाबेलो हे तिचे संचालक होते. राज्यपाल रिक पेरी यांनी २००३ मध्ये नकाराधिकार वापरून या परिषदेचा निधीच बंद केला. कैद्यांच्या संख्येचे अंदाज बांधण्याचे काम अर्थसंकल्प मंडळाकडे गेले, पण कारणांच्या मुळाशी जाणारे सरकारी संशोधन थांबले. शासनाने आपला अभ्यासक घालवला की अभ्यासाची गरज संपत नाही; ती बाहेरून भागवली जाते, आणि बाहेरचा अभ्यासक आपली तत्त्वे बरोबर घेऊनच येतो.

तुरुंग कशामुळे भरले

टेक्सासच्या तुरुंगांचा इतिहास १९७२ पासून वाचावा लागतो. त्या वर्षी डेव्हिड रुईझ नावाच्या कैद्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली याचिका केंद्रीय न्यायालयात दाखल केली. न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांनी १९८० मध्ये निकाल देताना तुरुंगांतील गर्दी, हिंसा आणि वैद्यकीय हेळसांड घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर संख्येवर मर्यादा आली. ती पाळण्यासाठी कैद्यांना शिक्षेचा थोडाच भाग भोगून सोडले जाऊ लागले आणि जनमत खवळले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, डेमोक्रॅट राज्यपाल ॲन रिचर्ड्स यांच्या काळात, मतदारांच्या संमतीने कर्जरोखे काढून प्रचंड बांधकाम झाले आणि त्या एका दशकात कैद्यांची संख्या सुमारे तिप्पट होऊन दीड लाखाच्या घरात गेली. तुरुंगांचा हा विस्तार दोन्ही पक्षांनी मिळून केलेला होता, हे नमूद केले पाहिजे.

२००७ च्या अंदाजामागचे कारण मात्र गुन्ह्यांची वाढ हे नव्हते. ‘कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स’ या संस्थेच्या मदतीने फाबेलो यांनी पुन्हा आकडे तपासले, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. १९९७ ते २००६ या काळात प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगवासाऐवजी अटींवर आणि देखरेखीखाली बाहेर, असलेल्यांची एकूण संख्या ३ टक्क्यांनी घटली होती, पण प्रोबेशन रद्द होऊन तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या १८ टक्क्यांनी वाढली होती. २००३ च्या आर्थिक चणचणीत उपचारकेंद्रांचा निधी कापला गेल्याने प्रतीक्षायाद्या लांबल्या होत्या. आणि शिक्षा पूर्ण होण्याआधी अटींवर सुटका मंजूर करणारे पॅरोल मंडळ स्वतःच्याच मार्गदर्शक निकषांपेक्षा कमी लोकांना सोडत होते.

हे आकडे प्रत्यक्षात कसे घडतात, ते जवळून पाहिले पाहिजे. अल्प प्रमाणात कोकेन बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाला न्यायाधीश प्रोबेशन देतात. त्याच्यावर अटी असतात : ठरल्या दिवशी अधिकाऱ्यापुढे हजर राहायचे, लघवीची तपासणी द्यायची, नोकरी टिकवायची आणि देखरेखीचे मासिक शुल्कही स्वतःच भरायचे. तो तपासणीत एकदा, दोनदा नापास होतो. अधिकाऱ्याला कळते की याला उपचारांची गरज आहे. पण उपचारकेंद्रात जागा नाही आणि हाताखाली शंभरांहून अधिक माणसे आहेत. अशा वेळी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : दुर्लक्ष करणे, किंवा प्रोबेशन रद्द करण्याचा अर्ज न्यायालयात पाठवणे. पुढे गंभीर काही घडले तर दोष आपल्यावर येईल, या धास्तीने तो अर्ज पाठवतो. पॅरोलच्या बाजूलाही हेच. मंडळ एखाद्याची सुटका मंजूर करते, पण तुरुंगातला व्यसनमुक्ती कार्यक्रम पूर्ण करण्याच्या अटीवर. त्या कार्यक्रमात जागा होईपर्यंत तो माणूस, सुटका मंजूर होऊनही, करदात्यांच्या खर्चाने कोठडीत बसून राहतो. तुरुंगातल्या एका कैद्याचा दिवसाचा खर्च तेव्हा सुमारे ५० डॉलर होता, प्रोबेशनवरच्या माणसाचा सुमारे ३ डॉलर.

फाउंडेशनने काय केले

वरचे संशोधन फाउंडेशनचे नव्हते. विधेयकेही तिने एकटीने लिहिली नाहीत. प्लेनोचे रिपब्लिकन आमदार जेरी मॅडन आणि ह्यूस्टनचे डेमोक्रॅट सिनेटर जॉन व्हिटमायर हे या कामाचे खरे सूत्रधार होते. व्हिटमायर १९९३ पासून सिनेटच्या फौजदारी न्याय समितीचे अध्यक्ष होते, तर मॅडन २००५ मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या तुरुंगविषयक समितीचे अध्यक्ष झाले तेव्हा या विषयात नवखे होते. सभापती टॉम क्रॅडिक यांनी त्यांना एकच गोष्ट बजावली होती : नवे तुरुंग बांधू नका, ते फार महाग पडतात. मॅडन वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेले अभियंता. आत येणारा ओघ किती, बाहेर जाणारा किती, अडथळा कुठे, अशा अभियंत्याच्या नजरेने त्यांनी या प्रश्नाकडे पाहिले.

मग फाउंडेशनचा वाटा कोणता? मिडलंडचे तेल उद्योजक आणि संस्थेच्या संचालक मंडळातील एक वजनदार सदस्य टिम डन यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये संस्थेत फौजदारी न्यायाचा विभाग सुरू झाला आणि मार्क लेव्हिन या तरुण वकिलाकडे तो सोपवण्यात आला. उजव्या बाजूच्या कोणत्याही राज्यस्तरीय संस्थेसाठी हे त्या वेळी अनोखेच पाऊल होते. लेव्हिन यांनी थोडक्या पानांची टिपणे लिहिली, समित्यांपुढे साक्षी दिल्या, वृत्तपत्रांत लेख लिहिले, आणि या साऱ्यांतून एकच मुद्दा लावून धरला : शासनाच्या प्रत्येक खर्चाला जो निकष आपण लावतो, तो तुरुंगांना का लावत नाही? शाळा किंवा कल्याणकारी योजना निकाल देत नसेल, तर आपण तिला पैसे वाया घालवणारी नोकरशाही म्हणतो. मग ज्या तुरुंगातून सुटलेली माणसे पुन्हा तिथेच येतात, त्याला वेगळा न्याय कशासाठी? शिवाय कोठडीत बसलेला बाप मुलांना पोसत नाही, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाईही देत नाही; ती तो कमावता राहिला तरच मिळू शकते.

यातला एकही मुद्दा डावीकडच्या संघटनांना नवा नव्हता. नागरी हक्क संघटना आणि टेक्सासमधील सुधारणावादी गट उपचारांची मागणी वर्षानुवर्षे करत होते. पण त्यांचे म्हणणे ऐकून रिपब्लिकन आमदाराने मत दिले असते, तर पुढच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ‘गुन्हेगारांचा कैवारी’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसला असता. जिच्या पुराणमतवादाविषयी कुणालाही शंका नव्हती अशा संस्थेने तेच सांगितल्यावर त्याला आधार मिळाला. माझ्या मते फाउंडेशनचे खरे योगदान हे आहे. तिने नवे ज्ञान निर्माण केले नाही. आधीपासून उपलब्ध असलेल्या ज्ञानाला सत्ताधारी पक्षाच्या तत्त्वांत घर मिळवून दिले, आणि ते मिळवून देण्याची पत तिच्यापाशी होती. या योगदानाला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण राजकारणात नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ असते.

पहिला प्रयत्न फसला, हेही खरे. २००५ मध्ये प्रोबेशनची मुदत कमी करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, पण सरकारी वकिलांच्या विरोधानंतर राज्यपाल पेरी यांनी ते फेटाळले. २००७ मध्ये ते सौम्य रूपात परत आले : ठरावीक मालमत्ताविषयक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत प्रोबेशनची कमाल मुदत १० वर्षांवरून ५ वर्षे झाली, आणि या वेळी पेरी यांनी सही केली. त्याच अधिवेशनातल्या निधीतून प्रोबेशनवरील व्यक्तींसाठी निवासी उपचारांच्या ८०० जागा, बाह्यरुग्ण उपचारांच्या ३,०००, तुरुंगवासाऐवजी काही आठवडे ठेवण्याच्या सुधारगृहांत १,४०० आणि कोठडीतील दीर्घ व्यसनमुक्ती कार्यक्रमाच्या १,५०० जागा निर्माण झाल्या. अधिकाऱ्यापुढची तिसरी वाट ती हीच. आमदारांच्या मनावर सर्वाधिक परिणाम बहुधा शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रकमांनीच केला असावा : एका बाजूला २ अब्ज, दुसऱ्या बाजूला पाव अब्जाहूनही कमी.

शुगर लँड आणि त्यानंतर

२०११ मध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड येथील ‘सेंट्रल युनिट’ हा तुरुंग बंद झाला. टेक्सासच्या इतिहासात जागा रिकाम्या राहतात म्हणून तुरुंग बंद होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता आणि फाउंडेशनने त्याचा उल्लेख पुढे अनेक वर्षे अभिमानाने केला. आज शुगर लँड हे भारतीय वंशाच्या सुखवस्तू कुटुंबांचे उपनगर म्हणून ओळखले जाते आणि तिथे मराठी कुटुंबेही बरीच आहेत; पण गावाच्या नावातली साखर एकेकाळी कैद्यांच्या घामातून निघत होती. गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीय कैद्यांना उसाच्या मळ्यांवर भाड्याने राबवले जाई. २०१८ मध्ये तिथल्या एका शाळेच्या बांधकामात अशा ९५ जणांचे सांगाडे सापडले. तुरुंग ज्या जमिनीवर होता, ती याच इतिहासाचा भाग.

बंद करण्यामागे मात्र केवळ सुधारणांचे यश नव्हते. २०११ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात अब्जावधी डॉलरची तूट होती, आणि वाढत्या शहरालगतची ती जमीन मोलाची असल्याने तुरुंग हलवावा अशी स्थानिकांची मागणी जुनीच होती. सुधारणांमुळे जागा रिकाम्या झाल्या नसत्या तर तुरुंग बंद करता आला नसता, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की तूट आणि जमिनीचा भाव नसता तर तो रिकाम्या जागांसह चालूच राहिला असता. २०१३ मध्ये डॅलसमधले आणि मिनरल वेल्समधले असे आणखी दोन तुरुंग बंद झाले. ती दोन्ही केंद्रे खासगी कंपनी चालवत असे.

दरम्यान डिसेंबर २०१० मध्ये फाउंडेशनने ‘राइट ऑन क्राइम’ ही राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती न्यूट गिंगरिच, राष्ट्राध्यक्ष रीगन यांचे ॲटर्नी जनरल एडविन मीस, करविरोधी चळवळीचे ग्रोव्हर नॉर्क्विस्ट आणि फ्लोरिडाचे माजी राज्यपाल जेब बुश यांच्या सह्या असलेले तत्त्वपत्र तिने पुढे ठेवले. देशभरातील समविचारी राज्यस्तरीय संस्थांना जोडणारे ‘स्टेट पॉलिसी नेटवर्क’ १९९२ पासून कार्यरत होतेच, त्यामुळे एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात पोहोचवण्याची यंत्रणा नव्याने उभारावी लागली नाही. जॉर्जियात राज्यपाल नेथन डील यांनी २०१२ मध्ये सुधारणा आणल्या, तेव्हा टेक्सासचे उदाहरण हाताशी होते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटने ८७ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केलेल्या ‘फर्स्ट स्टेप’ या केंद्रीय तुरुंगसुधारणा कायद्यासाठी व्हाइट हाउसमधून प्रयत्न करणाऱ्यांत ब्रूक रोलिन्स होत्या. त्या २००३ पासून त्याच वर्षापर्यंत फाउंडेशनच्या अध्यक्ष होत्या आणि २०२५ मध्ये त्या अमेरिकेच्या कृषिमंत्री झाल्या. त्यांच्यानंतर फाउंडेशनची धुरा ज्यांच्याकडे आली, ते केव्हिन रॉबर्ट्स २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या हेरिटेज फाउंडेशन या पुराणमतवादी धोरणसंस्थेचे अध्यक्ष बनले. राज्यस्तरीय संस्था ही माणसे घडवण्याची जागाही असते, आणि हे काम अहवालांइतकेच दूरगामी असते.

श्रेयाचा हिशेब आणि मर्यादा

कैदी कमी झाले आणि गुन्हेही घटले, म्हणून धोरण यशस्वी झाले, अशी मांडणी फाउंडेशनने वारंवार केली. तिच्या पहिल्या भागाबद्दल वाद नाही : १७ हजार अधिक जागा लागतील हा अंदाज खरा ठरला नाही, कैद्यांची संख्या सुमारे दीड लाखावर स्थिरावली आणि मग हळूहळू उतरली. दुसऱ्या भागाबद्दल सावध राहणे भाग आहे, कारण त्या वर्षांत गुन्ह्यांचे प्रमाण जवळजवळ साऱ्या अमेरिकेत घटत होते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांनी कैद्यांची संख्या टेक्सासपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात कमी केली, आणि तिथेही गुन्हे घटले. या आकड्यांवरून एवढे निश्चित म्हणता येते की उपचारांवर खर्च केल्याने सुरक्षितता ढासळली नाही. २००७ मध्ये विरोधकांनी वर्तवलेली भीती खोटी पाडायला एवढे पुरेसे होते; त्यापलीकडचा दावा मी करणार नाही.

मर्यादा मात्र युक्तिवादाच्या स्वरूपातूनच आल्या. बचत हा आधार असल्यामुळे, जिथे बचत दिसत होती तिथवरच सुधारणा गेल्या. एक ग्रॅमहून कमी कोकेन बाळगणे हा टेक्सासमध्ये आजही गंभीर श्रेणीचा गुन्हा आहे. हिंसक गुन्ह्यांतील लांबलचक शिक्षांना २००७ च्या कायद्यांनी हातही लावला नाही, आणि दीर्घकाळ आत असलेले कैदी मुख्यतः त्याच वर्गातले आहेत. राज्याच्या बहुतेक तुरुंगांत उन्हाळ्यात वातानुकूलन नाही. ते बसवण्यात बचत नाही, खर्चच आहे, आणि खर्च वाचवण्याच्या भूमिकेवर उभ्या असलेल्या आघाडीपाशी या प्रश्नासाठी तयार उत्तर नव्हते. माणसाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा त्यासाठी पुढे आणावा लागतो. फाउंडेशनच्या लेखनात तो आहे, पण तो तिने कायम खर्चाच्या मागे ठेवला. २००७ मध्ये ही चतुराई कामी आली. उष्णतेने कैदी आजारी पडतात तेव्हा तीच उणीव ठरते.

२०२० नंतर वारे फिरले. मार्क लेव्हिन फाउंडेशन सोडून दुसऱ्या राष्ट्रीय संस्थेत गेले. महासाथीच्या काळात न्यायालये थंडावल्याने कैद्यांची संख्या सव्वा लाखाच्या खाली आली होती, ती पुढे पुन्हा वाढू लागली. २०२१ मध्ये विधिमंडळाने हिंसक गुन्ह्यांच्या आरोपींना रोख जामिनाशिवाय सोडण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. जेरी मॅडन २०१३ मध्येच सभागृहातून निवृत्त झाले होते आणि जॉन व्हिटमायर जानेवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनचे महापौर झाले. फाबेलो यांची बंद पडलेली परिषद राज्याने पुन्हा सुरू केलेली नाही, त्यामुळे तुरुंगांत जागा कमी पडू लागल्याचा पुढचा अंदाज आमदारांपुढे येईल, तेव्हा आकड्यांमागची कारणे सांगण्यासाठी त्यांना पुन्हा बाहेरच्याच संस्थांकडे पाहावे लागेल.